शिंपीआजोबांना तोंड फुटलं

‘आता आराम करा,’ म्हणत मुलाने शिंपीआजोबांचं शिलाई मशीन माळ्यावर चढवलं आणि गल्लीभर बडबडणारे आजोबा पार मुके झाले. घाबरून मुलाने त्यांना समुपदेशक बाईंकडे नेलं. तिथेही बाईंनी आजोबांना विचारावं आणि उत्तर मुलाने द्यावं!

“आजोबा, भूक लागते का?”

“बेताचीच लागते,” मुलगा म्हणाला.

“दादा, तुमच्या पोटाची चौकशी नव्हती हो!” बाईंनी त्याला बाहेर पिटाळलं आणि स्वतः गप्प बसल्या.

आजोबा बाईंच्या बाहीकडे बघत राहिले. शेवटी राहवेना. “खांद्यात ओढतेय ही. त्याला मशीन काढायला सांगा, नीट करून देतो.”

“मी कशाला सांगू? तुम्हाला तोंड नाही?”

आजोबांनी ताडकन उठून दार उघडलं. “अरे ए शहाण्या! घरी गेल्यावर आधी मशीन खाली काढ. आरामाचं मग बघू.”