बऱ्या माणसाचं डोकं

नागपूरहून देवरीला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय चाळिशीचं, धानाच्या रोवणीने नखं काळी पडलेली. मांडीवरचं एमआरआयचं मोठं पाकीट ती जराही वाकू देत नव्हती.

"काय झालं, बाई?" मी विचारलं.

"मले काही नाही, भाऊ. मी बरी हावो."

तिच्या आजीला, आईला आणि आता भावाला उदासीच्या आजाराने धरलं होतं. मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, ते डॉक्टर तपासत होते. तुलनेसाठी त्याच घरातलं बरं माणूसही त्यांना तपासायचं होतं. ती आपणहून गेली.

"भेव नाही वाटला?"

"वाटला ना! माह्याही डोक्यात तेच निघन तं?" तिने पाकीट मांडीवर सरळ केलं. "मशीनीत अर्धा घंटा हालू नोको म्हनले. पडल्या पडल्या माय दिसली. ते अशीच पडून राहे, अन् आमी तिले आळशी म्हनो. माह्या पोरीले मी कोनाले तसं म्हनू देनार नाही."

सडक अर्जुनीला ती उतरली आणि केशोरीच्या जीपकडे ताठ मानेने चालत गेली. एवढं धाडस मी जवळून कधी पाहिलं नव्हतं.

घरी पोचलो, तेव्हा वडील नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या दिवशी मी त्यांना "उठा" म्हटलं नाही. त्यांच्या खाटेवर बसलो.