अब्बांनी जकात घेतली तेव्हा

सावंगीत नर्सिंगला माझा नंबर लागला, त्या दिवशी अब्बा दुपारी जेवायला घरी आलेच नाहीत. तळेगावच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. रेडिमेड कपडे आल्यापासून शाळेचे गणवेश आणि फाटक्याची दुरुस्ती, एवढंच काम उरलेलं. फीसाठी बँक कर्ज द्यायला तयार होती, पण व्याजाचा व्यवहार त्यांना हराम.

संध्याकाळी मशिदीच्या कमिटीतले एक म्हातारे चाचा आले. म्हणाले, "पोरीची फी जकातीतून भरू." जकात म्हणजे ऐपतदारानं दरसाल गरिबांसाठी काढायचा धर्माचा वाटा.

अब्बा ताडकन उठले. "चाचा, आजवर मी देत आलो. आता घेऊ?"

चाचा गेल्यावर अब्बा अंगणात येरझारा घालत राहिले. मी आत पुस्तक उघडून बसले. एक ओळ डोक्यात शिरेना. त्यांचा राग येत होता आणि माझ्यापायी त्यांची मान खाली जाणार म्हणून जीवही तुटत होता.

शेवटी अम्मी बोलली, "व्याज नको, जकात नको. म्हंजे पोरीनं शिकूच नये, असं म्हणून राह्यले का?"

"तसं नाई म्हणत मी."

"मंग? मालदाराच्या पैशात गरिबाचा हक्क असते, हे तुम्हीच शिकवलं तिले. हक्क घ्याले लाज काऊन?"

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर अब्बा मला घेऊन स्वतःच चाचांकडे गेले. बोलताना टोपी उगाच सारखी करत होते. "कोणाले सांगू नका," एवढंच मागितलं.

आता मी एका दवाखान्यात नर्स आहे. यंदा माझी बचत ठरलेल्या मर्यादेपुढे गेली आणि पहिल्यांदाच माझ्यावर जकात निघाली. "कमिटीत देऊन टाक," अब्बा खुशीत म्हणाले. मला ते पटेना. मोहल्ल्यातली एक मुलगी बारावी होऊन घरी बसली होती. वडील नाहीत, आई कोणापुढे हात पसरणार नाही. तिच्या फीचं बोलायला मीच त्यांच्या घरी गेले.

मुलीच्या आईनं दारातच विचारलं, "आम्ही भिकारी दिसून राह्यलो का तुले?"

वाटेत ठरवलेलं सगळं बोलणं राहूनच गेलं. "मी पण जकातीवरच शिकली, खाला," एवढंच निघालं.

तिनं आत बोलावून चहा दिला. हो म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही.

परवा पुन्हा जाऊन आले. "आम्ही विचार करून राह्यलो," म्हणाली. प्रवेशाची मुदत संपत आली आहे. ड्युटीवर कोणाचाही फोन वाजला तरी मी माझाच बघते.