आमचे पळवलेले काका

स्वतःला पळवून नेल्याचा जेवढा अभिमान आमच्या मावशीच्या यजमानांना होता, तेवढा लोकांना मॅट्रिक झाल्याचाही नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नगरकडच्या त्यांच्या गावातून, दरोडेखोरांनी आठ वर्षांच्या काकांना उचललं आणि सावकार बापाकडे खंडणी मागितली. अकरा दिवसांनी काका धडधाकट परतले. पुढं ठाण्याच्या कचेरीत चिकटले, डोंबिवलीत बिऱ्हाड केलं, पण मनानं त्या डोंगरातच राहिले. मावशीनं भाकरी वाढली की म्हणायचे, "छान आहे. पण त्यांची जरा पातळ असायची." बिचारी मावशी! दरोडेखोरांच्या हाताशी बरोबरी करण्यात तिचा जन्म गेला. वर्तमानपत्रात कुठं मूल पळवल्याची बातमी आली की काका ती कापून ट्रंकेत ठेवत आणि जाणकारासारखं नाक मुरडत. "दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी? छे! घाई केली. आमच्या लोकांनी चार दिवस घरच्यांना नुसतं झुरवलं होतं." आमचे लोक, बरं का!

पण या साऱ्या पुराणात त्यांना खरी गोडी होती ती एकाच वाक्याची. "दादांनी घासाघीस केली नाही. चिठ्ठी आली, पैसे दिले." हे दादा म्हणजे त्यांचे वडील. एरवी ते पोरांशी धड बोलतही नसत. पण त्या एका वाक्यावर काकांनी त्यांचं सगळं माफ केलं होतं. दरवर्षी वडिलांच्या श्राद्धाला वडे वाढून झाले की ते वाक्य व्हायचंच, आणि ते म्हणताना काकांचा आवाज हटकून ओला व्हायचा. आम्ही पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारायचो. आम्हा मेल्यांना अक्कल नव्हती.

एका वर्षी श्राद्धाला काकांच्या थोरल्या बहीण, अक्का, गावाहून आल्या होत्या. वाक्य झालं, आणि अक्कांनी हातातलं वड्यांचं ताट खाली आदळलं.

"पुरे कर रे तुझे दादा! दादा म्हणाले, मला आणखी तीन मुलगे आहेत. आईनं हातातल्या पाटल्या काढून गड्याबरोबर डोंगरात धाडल्या. दादांना सांगितलं, ओढ्यात पडल्या. त्यापायी मार खाल्ला तिनं. तुला कळू देऊ नको म्हणून मला शपथ घातली होती."

कुणीच जेवेना. मला वाटलं, आता काका भांडणार.

"अक्का," ते म्हणाले, "परत आलो तेव्हा मी धावत जाऊन दादांना मिठी मारली गं. आई तिथंच दारात उभी होती."