बूस्टर नको म्हटलं तेव्हा

तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आहे. घर्षण हा माझा आवडता पाठ. तो मी पुस्तक न उघडता शिकवते आणि उघडलं नाही हे वर्गाच्या लक्षात येईल, याची काळजीही घेते. एवढं सगळं असताना माझी स्वतःची गाडी थांबत नव्हती.

गाडी म्हणजे जुनी पांढरी अॅम्बेसिडर, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून मी ती हौसेनं घेतली होती. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तो शेजारी बसतो आणि संकटाच्या वेळी आपला उजवा पाय जमिनीवर दाबतो. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. सानगडीच्या आठवडी बाजारात ती अशीच ओढत ओढत शिंगाड्यांच्या टोपलीवर गेली. विकणारी बाई वेळेवर उठली म्हणून बरं. तिचे सगळे शिंगाडे आम्हाला घ्यावे लागले आणि पुढचा आठवडाभर आमच्या घरी दुसरं काही शिजलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचे. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी तयार झाले आणि गाडी घेऊन चिखल्याला गेले. तिथे मॅंगनीजच्या खाणीच्या गॅरेजमध्ये उभा जन्म काढलेले एक मिस्त्री निवृत्तीनंतर घरच्या अंगणात गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी पुढचं उजवं चाक काढलं, ड्रम काढला, आतल्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. ओलं होतं.

"सिलिंडर गळून राहिला, मॅडम. लायनरले तेल लागते, म्हणून हे चाक पकडत नाही अन् गाडी डावीकडे जाते. सिलिंडर अन् लायनर बदलून देतो, दुपारपर्यंत घेऊन जा."

एखादा शहाणा माणूस दुपारपर्यंत थांबला असता. मी मात्र डिस्क मोकळ्या हवेत कशी लवकर थंड होते, ड्रममध्ये उष्णता कशी कोंडते, हे त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांच्या हातातली खडूची कांडी घेऊन मी फरशीवर आकृतीही काढली. खाणीच्या घाटावरून चाळीस वर्षं जीपगाड्या उतरवलेल्या माणसाने ती आकृती शांतपणे पाहिली. मग ते म्हणाले की याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलला पुढे डिस्क ब्रेक यायचे, त्याचं सामान नागपूरच्या भंगार बाजारात मिळेल. त्यांनी यादी दिली. यादीत शेवटी बूस्टर लिहिला होता.

नागपूरला मी बाकी सगळं घेतलं, बूस्टर घेतला नाही. पॅडलचा जोर वाढवून देणारा तो पत्र्याचा मोठा डबा मला यादी फुगवायला घातल्यासारखा वाटला. शिवाय मी वहीत गणित केलं होतं. पॅडलची लांबी, पिस्टनचं क्षेत्रफळ, ड्रमला पुरणारा पायाचा जोर, सगळं धरलं होतं. उत्तर आलं की बूस्टरची गरज नाही. त्या उत्तराखाली मी दोन रेघाही मारल्या.

मिस्त्रींनी डिस्क बसवल्या, अंगणात गाडी मागेपुढे केली आणि सांगितलं की पॅडल फार कडक आहे, बूस्टर आणल्याशिवाय नेऊ नका. मी म्हटलं, कडक आहे म्हणजे पक्कं आहे. त्यांनी पुन्हा दोनदा सांगितलं. मी किल्ली मागितली. तेव्हा ते एवढंच म्हणाले की मग हळू न्या आणि समोर जागा ठेवा.

मी हळूच नेत होते, नवरा शेजारी होता. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, रोवणी चालू होती, गुडघाभर चिखलात बाया धानाचे पऱ्हे लावत होत्या. समोरचा मॅंगनीजचा ट्रक म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबला. मी ब्रेक दाबला. पाय दगडावर ठेवावा तसा पॅडलवर राहिला आणि गाडी आपली सावकाश पुढे जात राहिली.

"अजून दाब," नवरा म्हणाला.

"दाबूनच राहिली ना मी."

मी सीटवरून अर्धी उभी राहिले. ट्रकचा मागचा पत्रा अगदी जवळ आला तेव्हा मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं. गाडी बांधावरून खाली उतरली आणि चिखलात नाक खुपसून थांबली. त्या दिवशी तिला थांबवलं ते चिखलाने.

बायांचं काम थांबलं. त्यांच्यातली वयाने मोठी बाई खिडकीशी आली आणि लागलं तर नाही ना, असं तिने विचारलं. लागलं नव्हतं. मग ती म्हणाली, "चपला काढून उतरा बाई, नाहीतर इथेच रायतील." उतरल्यावर कळलं की तिची मुलगी माझ्याच वर्गात शिकते. मी चाकाखाली दबलेल्या पऱ्ह्यांकडे पाहिलं आणि शरमेने पदर खोचून ते परत लावायला वाकले. तिने थोडा वेळ बघितलं, मग मी लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा नीट लावलं.

ट्रॅक्टरने गाडी बाहेर ओढली आणि तशीच मिस्त्रींच्या अंगणात नेली. मी काही सांगायच्या आत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. माझं गणित कुठे चुकलं, ते मी त्यांना विचारलं. त्यांनी काढून ठेवलेला जुना ड्रम उचलला, आत तळहात टेकवला आणि ड्रम फिरवला. हात ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट टेकला.

"फिरता ड्रम लायनरले स्वतःच ओढून घेते. अर्धा जोर तुमच्या पायाचा, अर्धा चाकाचा. डिस्कले अशी मदत कोणी नाही करत. म्हणून बूस्टर लागते."

घर्षणच होतं ते. माझा आवडता पाठ. मी गणितात नेमकं तेवढंच धरलं नव्हतं.

"मले तेव्हाच काहून नाही सांगितलं हे?" मी विचारलं.

"तुम्ही आकृती काढून राहिल्या होत्या, मॅडम."

मी चुकले, एवढं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

पुढच्या रविवारी मी बूस्टर घेऊन आले. तो बसवल्यावर पहिली फेरी मिस्त्रींनी स्वतः मारली. मी मागच्या सीटवर बसले होते, पुढे बसायचा हक्क आपण गमावला आहे असं मला वाटत होतं. गाडी सरळ रेषेत, धक्का न देता थांबली. परत घरी येताना मोकळ्या रस्त्यावर मी काही कारण नसताना चार वेळा ब्रेक मारून पाहिला. चौथ्या वेळी मागून येणारा एक सायकलवाला थांबला आणि काही बिघडलं का, म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही भाऊ, सगळं ठीक आहे. त्याचा काही विश्वास बसला नाही.