तळफळीवरचा ओरखडा

पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, पण या मिस्त्रीला सगळी गल्ली भिंगरी म्हणूनच ओळखायची. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. हा माणूस बसलेला कुणी पाहिला नव्हता. जेवताना एक पाय दाराकडे, आणि एका हातात चहाचा कप असला तर दुसऱ्या हातात झाडू. कपाटं मात्र अशी करायचा की दार लावलेलं शेजारच्यालाही कळू नये.

त्याचा कायदा एकच. लाकूड कापताना हत्यार खालच्या बाकाला लागता कामा नये. "बाकावर ओरखडा पाडतो तो मिस्त्री कच्चा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. त्या बाकाला तो इतकं तेल चोळायचा की बायको म्हणे, "पोरीच्या डोक्याला एवढं चोळलं असतंत तर केस गुडघ्यापर्यंत आले असते!"

त्या बाकावर ओरखडा एकच होता, आणि तो थोरल्या लेकीने पाडलेला. लहानपणी हौसेने करवत घेऊन बसली होती. फळी संपली ते कळलं नाही आणि करवत बाकात घुसली. भिंगरीने करवत तिच्या हातातून काढून घेतली. "हे तुझं काम नव्हे. जा, अभ्यास कर." गेली बिचारी. शिकली, लांबच्या शहरात घरांचे नकाशे काढायच्या ऑफिसात लागली, आणि या दुकानाची पायरी तिने फारशी चढली नाही.

आता मात्र रजा टाकून आली होती, कारण बापाचे खांदे आखडले होते आणि प्लायची शीट एकट्याला उचलवत नव्हती. सीएनसी राऊटर आणायचा हट्ट तिचाच. कॉम्प्युटरवर नकाशा द्यायचा, की मशीन आपलं आपण शीटमधून कपाटाचे भाग कापून देतं. मशीन आलं तेव्हा दुकानाची चौकट उखडावी लागली, निम्म्या गल्लीने हात लावला आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने अक्कल पाजळली.

"नर्सबाईंनी सांगितलेली स्वयंपाकघराची कपाटं यावर नीट निघाली, तर मी नोकरी सोडून इथेच राहीन, बाबा," थोरली म्हणाली होती. "नाहीतर मला परत जावं लागेल. ऑफिसने खुर्ची राखून ठेवलीय, पण किती दिवस ठेवतील?"

"बरं," म्हणून भिंगरी जिथे कचरा नव्हता तिथे झाडायला लागला. अरे बाबा, राहा म्हणावं की नाही तोंड उघडून! पण मनातलं ओठावर आणायचं म्हटलं की याला नेमका झाडू आठवायचा.

मशीन बसवायला आलेल्या कारागिराने सांगितलं होतं, "लोखंडी टेबलावर एक भंगार फळी टाका. बिट, म्हणजे हे कापणारं पातं, शीटच्या आरपार जायचं तर खाली थोडं घुसणारच. ती तळफळी म्हणजे बळीचा बकरा. खराब झाली की बदलायची." भिंगरीने काय करावं? दुकानातली सगळ्यात सरळ फळी निवडली, कडा गोल केल्या, वर पॉलिश मारलं. कारागीर पोट धरून हसला. "काका, बकऱ्याला कशाला एवढं नटवलंत?"

पहिल्याच कापात बिट शीट फोडून खाली उतरलं आणि त्या चकचकीत फळीवर पांढरीफटक रेघ उमटली. भिंगरीच्या काळजात चर्र झालं.

तिथून घोळ सुरू झाला. मशीनला आधी शून्य द्यावं लागतं, म्हणजे तळफळी नेमकी कुठे आहे ते दाखवावं लागतं. बिटखाली कागदाची पट्टी धरायची, बिट हळूहळू खाली आणायचं, कागद अडकला की ते शून्य. तिथून मोजून मशीन किती खोल जायचं ते ठरवतं. हे काम थोरलीने कौतुकाने बापाला दिलं होतं. "तुमच्या बोटांना जे कळतं ते मला नाही कळत, बाबा." आणि ती कॉम्प्युटरकडे वळली की बापाची बोटं कागदाऐवजी लॅमिनेटचा जाडसा तुकडा बिटखाली सरकवायची. मग बिट तळफळीच्या वरच थांबायचं. फळी वाचायची, पण शीटच्या तळाशी पापुद्रा राहायचा आणि एकही भाग सुटा व्हायचा नाही.

"मी आहे ना, पटाशीने सोडवतो," असं म्हणत भिंगरी भिरभिरायचा. पापुद्रा सुटताना कडा उचकटायच्या. चांगल्या शीटचा चुराडा झाला. थोरलीने बिट बदललं, मशीनचे पट्टे ताणले, नकाशा पुन्हा पुन्हा तपासला. कारागिराला फोन केला तर तो म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, चालवणाऱ्याचंच चुकत असणार.

आज दुपारी आणखी एक कड उचकटली, तेव्हा ती भुशाच्या पोत्यावर मटकन बसली.

"थोड्या वेळात ऑफिसचा फोन येईल, येते म्हणून सांगते. मला नाही जमत, बाबा. तुम्ही तेव्हा बरोबरच बोलला होतात. हे माझं काम नव्हे."

भिंगरीने झाडू उचलला आणि ठेवला. दारापर्यंत गेला, परत आला. बाकावरच्या त्या जुन्या ओरखड्यावर त्याचा अंगठा गेला. मग त्याने खिशातून लॅमिनेटचा तुकडा काढून पोरीच्या मांडीवर टाकला.

"तुझं नाही चुकलं. मी कागदाऐवजी हे धरत होतो."

तिला समजायला एक क्षण लागला. मग ती ताडकन उठली. "म्हणजे मुद्दाम? मी रडकुंडीला आले, आणि तुम्ही फळी जपत होतात?"

"हो."

"एका फळीसाठी, बाबा!"

"बघवलं नाही गं मला. मूर्ख आहे मी." त्याने बाकाकडे बोट केलं. "त्या बाकापायी तुला एकदा हाकललं. आता या फळीपायी पुन्हा घालवतोय. जाऊ नकोस. सगळं दुकान ओरबाडून टाक, पण तू जाऊ नकोस."

थोरलीने वहीचं कोरं पान फाडलं, त्याची पट्टी काढली आणि बापापुढे धरली. भिंगरीने ती बिटखाली धरली. कागद अडकला तिथेच त्याने हात वर केला.

मशीन घरघरत निघालं. भिंगरीने डोळे मिटले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. काप पूर्ण झाला, थोरलीने कपाटाची बाजू बोटाने उचलली आणि ती अलगद सुटून वर आली. कड नितळ होती. खाली पॉलिशवर तिची पुरती चौकट कोरली गेली होती.

कोपऱ्यातलं स्टूल ओढून भिंगरी त्यावर बसला. बायको चहा घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. "अगंबाई! हे बसलेत? काय होतंय हो तुम्हाला?"

तेवढ्यात फोन वाजला. थोरलीने भुशाचा हात ड्रेसला पुसला आणि बापाकडे बघतच फोन उचलला.

"हो सर. नाही, नाही येत मी. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या." तिचा राग अजून उतरला नव्हता. "आमचा मिस्त्री अजून कच्चा आहे, सर. मला इथेच थांबावं लागेल."

भिंगरी काही स्टुलावरून उठला नाही.