करपलेला रोडगा

अख्ख्या हुडकेश्वरात रुपरावांसारखे रोडगे भाजणारा दुसरा नाही. गोवऱ्यांचा जगरा त्यांनीच पेटवावा, अन् त्यातले कणकेचे गोळे त्यांनीच उलटवावेत. पण या बाबाला साठीला टेकल्यावर बी.ए. व्हायची हौस! बाकी पेपर सुटले, राज्यशास्त्रानं मात्र दोनदा पाडलं. गाईड तोंडपाठ करायचे, आणि ‘अखिल राष्ट्रवाद’ दिसला की डोक्यात अंधार. विद्यापीठातल्या नोंदणीची मुदत यंदा संपणार होती. म्हणजे उद्याचा राज्यशास्त्राचा पेपर ही शेवटची संधी.

अन् आज रविवार, भावांचा रोडग्यांचा कार्यक्रम. शहरातल्या नंदनवन अन् सदर या वस्त्यांतून, तिसरा गावाकडून, असे तिघे भाऊ बायकापोरांसह आले. रुपरावांच्या एका हातात चिमटा, दुसऱ्यात पुस्तक.

धाकटा जितेंद्र रंगात आला. "दादा, रक्त एक, कुलदैवत एक, मंग चार घरं काहून? सारी एक करू. कारभार मी पाह्यतो!"

वांग्याची भाजी ढवळणाऱ्या रुपरावांच्या पत्नी पंचफुलाबाईंनी पळी उगारली. "भाऊजी, ज्यानं त्यानं आपलं घर चालवावं. वर्षातून एकदा एका जगऱ्यावर जेवतो, तेही गोड लागते. पण नातं हाय म्हून माह्या चुलीवर तुमचं राज काहून?"

सगळे खो खो हसले. रुपराव मात्र चिमटा धरून उभेच राहिले. अरेच्चा! आपल्या घराचा कारभार आपणच पाहू, हा राष्ट्रवाद. अन् निरनिराळ्या देशांत पांगलेलो असलो तरी भाषेनं, वंशानं आपण एकच, तेव्हा सरहद्दी ओलांडून एक होऊ, हा अखिल राष्ट्रवाद! पंगतीपुरतं असलं तर झकास. दुसऱ्याच्या चुलीवर डोळा गेला की भांडण.

"अहो, रोडगे जळून राहिले नं!" पंचफुलाबाई ओरडल्या.

तीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. भावांनी वरची साल खरवडून, चिडवत चिडवत तेच तुपात बुडवून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नेमका तोच प्रश्न आला. रुपरावांनी गाईड बाजूला सारलं आणि आधी व्याख्या, मग चार भाऊ अन् एक जगरा, असं मन लावून लिहिलं.

निकाल लागला. रुपराव पास! त्याच संध्याकाळी भाऊ पुन्हा जमले, जगरा पुन्हा पेटला. पंचफुलाबाईंनी पहिला रोडगा मुद्दाम करपवून ताटात वाढला. "घ्या, बी.ए. साहेब, तुमचा मास्तर!"

रुपरावांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचे चार तुकडे केले, अन् सगळ्यात मोठा जितेंद्राच्या हातावर ठेवला.