डोळ्यातला पांढरा ठिपका

तिला डोळ्यांचा वीट आला होता. दिवसाला आठ-दहा जोड, तेही सगळे एकसारखे. ती कामाला होती त्या दुकानात, मेलेल्या माणसांच्या फोटोंवरून मोठी तैलचित्रं करून देत, आणि कामं वाटलेली होती. एकजण कपडे रंगवी, एकजण केस आणि मिशा, आणि डोळे हिच्याकडे. तिचं नावच 'डोळेवाली' पडलं होतं. फोटोत माणूस पेंगत असो, तिरळा असो, नाहीतर नुकताच रडून आलेला असो, चित्रात तो टक्क उघड्या डोळ्यांनी प्रसन्न बघत असला पाहिजे, हा दुकान चालवणाऱ्या मास्तरांचा कायदा. तपकिरी बुबुळ, आणि घड्याळात दहा वाजतात त्या जागी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका.

"ठिपका पडला की माणूस उठून बसतो!" मास्तर रोज म्हणत आणि रोज पोट हलवून हसत.

पाच वर्षांपूर्वी मात्र तो ठिपका तिला जादूच वाटला होता. कामावर घेण्याआधी मास्तरांनी परीक्षा म्हणून तिच्या आईचाच फोटो आणायला सांगितलं. आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरात फोटो एकच होता, ओळखपत्रावरचा, डोळे मिटलेला. "उघड बघू," मास्तर म्हणाले. तिने उघडले, ठिपके दिले, आणि आई तिच्याकडे बघायला लागली. ती ढसाढसा रडली. ते चित्र तेव्हापासून घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. तिला वाढवणारी आत्या त्याच्याशी वहिनी म्हणून बोलते, कधी भांडतेही.

पण पाच वर्षं रोज साखरेचा पाक गिळला तर कोणाला मळमळणार नाही? उतारा म्हणून ती वहीत भलतंच काढायला लागली. तुंबलेली मोरी, मास्तरांच्या कानातले केस, जेवताना उघडं पडणारं शेजारणीचं तोंड. जे बघून शिसारी येई, तिथेच तिची पेन्सिल धावे. त्या वहीच्या जोरावर तिने चित्रशाळेत अर्ज केला होता. वयाची अट बघता हे शेवटचं वर्ष. एकच काम मागितलं होतं: समोर बसलेल्या जिवंत माणसाचं चित्र, सोमवारपर्यंत.

आत्या खिडकीशी बसली. तिचा डावा डोळा बारा महिने पाझरायचा. पापणी अर्धी उतरलेली, कोपऱ्यात पिवळा चिकटा. जेवताना ती बोटाने तो पुसायची आणि त्याच हाताने पोळी पुढे करायची. डोळेवालीच्या घशाशी यायचं. ज्या बाईने आपल्याला न्हाऊमाखू घातलं तिचीच किळस येते, याची तिला त्याहून जास्त किळस यायची. म्हणूनच तिने ठरवलं, काढायचा तर हाच डोळा.

दोन रविवार गेले. सुरकुत्या उतरल्या, लोंबती हनुवटी उतरली. दुसऱ्या रविवारी दुपारी तिने चित्र आत्यासमोर धरलं.

आत्याने मान पुढे काढून ते न्याहाळलं. मग फणकारली, "अगं, मी अजून जिवंत आहे! वहिनीशेजारी टांगायची एवढी कसली घाई झाली तुला?"

डोळेवालीने चित्र स्वतःकडे फिरवून पाहिलं. पापणी वर उचललेली. पिवळा चिकटा गायब. आणि त्या विझलेल्या डोळ्यात, बरोबर दहाच्या जागी, पांढरा शुभ्र ठिपका. कधी दिला, तिला आठवेना. हाताने परस्पर उरकून टाकलं होतं.

तिने सुरीने तो डोळा खरवडून काढला. "इकडे बघ. पुसू नकोस," ती आत्याला म्हणाली आणि अगदी जवळ जाऊन बसली. श्वास लागेल इतकी जवळ. पापणीची लाल कड, चिकट्यात अडकलेला एक केस, गढूळ पाणी. उबळ आली की थांबायची, पुन्हा बघायची. ऊन उतरायच्या आत डोळा झाला.

"शी!" आत्या म्हणाली. मग गालावरचं पाणी पुसत हसली. "पण हा माझा आहे हो."

सोमवारची काळजी मिटली होती. कुंचले धुताना डोळेवालीची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथून आई टक्क बघत होती. तपकिरी बुबुळं, दहाच्या जागी ठिपके. उद्या सकाळी दुकानात ज्या म्हाताऱ्याला तिला उठवून बसवायचं होतं, त्याचेही डोळे हेच असणार होते.

"आत्या," तिने विचारलं, "आईचे डोळे खरे कसे होते गं?"

आत्याने चित्राकडे पाहिलं. मग डोळे मिटून आठवून पाहिलं.

"आता मलाही हेच आठवतात," ती म्हणाली.